सहीचं पान कापायचं का? अंबाजोगाईतल्या एका ग्रंथसंग्रहाचं प्रकरण

अंबाजोगाईत मराठीचे एक निवृत्त प्राध्यापक वारले. घर विकायचं ठरलं. मुलगा पुण्यात, मुलगी छत्रपती संभाजीनगरला, आणि बाई म्हणजे सरांच्या पत्नी मुलीकडे राहायला जाणार. मागे राहिली पुस्तकं. तीन खोल्यांतल्या लाकडी मांडण्यांवर बहुतेक करून १९५० नंतरची मराठी कविता, कथा, कादंबरी, समीक्षा. खालच्या कप्प्यांत ‘प्रतिष्ठान’ आणि ‘अस्मितादर्श’ या वाङ्मयीन नियतकालिकांचे जुने अंक. जुन्या पुस्तकांचा एक व्यापारी फक्त सहीच्या प्रती घ्यायला तयार होता. बाकीची रद्दीत गेली तरी त्याला चालणार होतं. मुलीला हे पटेना, म्हणून तिने मला बोलावलं. आधुनिक मराठी पुस्तकांच्या पहिल्या आवृत्त्या आणि स्वाक्षरीच्या प्रती मी बरीच वर्षं जमवतो आहे, आणि कुणी विचारलं तर प्रत तपासूनही देतो.

कुटुंबाच्या संमतीने हे लिहितो आहे. माणसांची नावं दिलेली नाहीत. ज्या कवीच्या संग्रहाभोवती सगळं घडलं त्यांचंही नाव देत नाही. त्याचं कारण पत्राचा मुद्दा येईल तेव्हा कळेल. या प्रकरणातून मला सांगायचं आहे ते असं : सही आणि पहिली आवृत्ती या दोन गोष्टींना संग्राहक डोक्यावर घेतात, पण प्रतीचं खरं मोल ती कुणाच्या हातून कुणाच्या हाती गेली या मागात असतं. तो माग प्रतीच्या अंगावरच असतो, आणि प्रत ‘चांगली’ करायला निघालेला माणूस सगळ्यात आधी तोच पुसून टाकतो.

वाद कशावरून पेटला

व्यापाऱ्याने निवडलेल्या गठ्ठ्यात सर्वांत वर एक काव्यसंग्रह होता. पहिल्या कोऱ्या पानावर कवीने सरांच्या नावाने चार ओळी लिहून सही केलेली, खाली ‘अंबाजोगाई, १९८३’. साल आणि गाव दोन्ही जुळणारे. त्या वर्षी अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन अंबाजोगाईला भरलं होतं, व्यंकटेश माडगूळकर अध्यक्ष होते, आणि आमचे कवी पाहुणे म्हणून गावात आले होते. सर संमेलनाच्या कामात होते. टायटल पानाच्या मागे ‘पहिली आवृत्ती’ आणि साठच्या दशकातलं साल छापलेलं. व्यापाऱ्याने मुलाला सांगितलं, सहीची पहिली आवृत्ती आहे, एवढ्या एका पुस्तकाचे इतके देतो.

प्रत हातात घेतली तेव्हा पत्त्यावर नजर थांबली. प्रकाशकाच्या पत्त्यात मुंबईपुढे सहा आकडी पिन कोड होता. पिन कोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ला. त्याआधी मुंबई ४, मुंबई ३४, पुणे ३० असा एक-दोन आकड्यांचा विभाग क्रमांक छापत. म्हणजे ‘पहिली आवृत्ती’ या ओळीत काहीही असो, हा कागद १९७२च्या आधी छापखान्यातून निघालेला नाही. तीच ओळ पुन्हा नीट वाचली, तर तिच्याखाली बारीक टाइपात ‘पुनर्मुद्रण’ होतं. व्यापाऱ्याने मुलाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या फोटोत पानाचा वरचा अर्धाच भाग आला होता.

मराठीत पहिली आवृत्ती ओळखणं इथेच अवघड होऊन बसतं. शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ १९५०पर्यंत येऊन थांबते, आणि संग्राहकाची आवड सुरू होते ती नेमकी त्यानंतर. ‘कोसला’ १९६३, ‘रानातल्या कविता’ १९६७, ‘गोलपिठा’ १९७२, ‘अरुण कोलटकरच्या कविता’ १९७७. या काळासाठी पुस्तकच बोलकं करावं लागतं. किंमत रुपये-आण्यांत असेल तर छपाई बहुधा दशमान नाण्यांच्या आधीची, म्हणजे १ एप्रिल १९५७च्या आधीची. ‘नवे पैसे’ असं छापलेलं असेल तर १९५७ ते १९६४च्या आसपासची. ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘घरें’ अशा अनुस्वारांनी पान भरलेलं असेल तर ती जुळणी बहुधा १९६२च्या शुद्धलेखन नियमांच्या आधीची, किंवा जुन्या वळणाच्या लेखकाची. काही प्रकाशक इसवी सनाला लागून शक वर्षही देत. १९६७ला शके १८८८ किंवा १८८९ येतो. तिसरा आकडा दिसला तर थांबून बघावं. तेरा आकडी आयएसबीएन २००७पासूनचा. प्रकाशकाचं नावही सांगून जातं : ‘कोसला’ आधी देशमुख आणि कंपनीने काढली, पुढे ती पॉप्युलर प्रकाशनाकडे गेली, तेव्हा पॉप्युलरचा शिक्का असलेली प्रत कितीही जुनी दिसली तरी पहिली नव्हे.

आणि बोट. खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या छपाईत अक्षर कागदात दाबलं जातं. पान उलटून मागून बोट फिरवलं तर ओळी हाताला लागतात. ऑफसेटवर काढलेल्या पुनर्मुद्रणात जुन्याच पानांचा फोटो घेतलेला असतो, त्यामुळे तुटका वेलांटीचा खिळासुद्धा जिथल्या तिथे दिसतो, पण मागची बाजू सपाट. आमची सहीची प्रत सपाट होती.

बाईंची पेटी

मी हे सांगितल्यावर मुलाचा चेहरा उतरला. त्याला पैशांची गरज होती आणि ती खरी होती. त्यात हलकं असं काही नाही. तेवढ्यात बाई आतून एक पत्र्याची पेटी घेऊन आल्या. म्हणाल्या, “तेच पुस्तक माझ्याकडं बी आहे. लग्नाच्या आधीचं.”

तीच खरी पहिली आवृत्ती निघाली. पत्त्यात नुसता मुंबईचा विभाग क्रमांक, मागून बोटाला लागणारी अक्षरं, पुनर्मुद्रणाची ओळ नाही. मुखपृष्ठाची कड थोडी विरलेली, बाकी शाबूत. पहिल्या पानावर पेन्सिलीने बाईंचं माहेरचं नाव आणि त्यांच्या कॉलेजचं वर्ष. कवीची सही नाही.

दुसऱ्या दिवशी व्यापारी आला. दोन्ही प्रती शेजारी ठेवून त्याने मुलाला बाजूला घेतलं आणि उपाय सुचवला. सहीचं पान बाइंडरकडून अलगद काढायचं, पहिल्या आवृत्तीत बसवायचं. पेन्सिलीचं नाव खोडरबराने पुसायचं. दोन प्रतींची मिळून होते त्याच्या दुपटीहून जास्त किंमत येईल. उरलेलं पुनर्मुद्रण फुकट द्यायलाही त्याची हरकत नव्हती, कारण त्याच्या लेखी ते संपलं होतं.

बाईंनी हे ऐकलं. “ह्यांनी उभ्या जन्मात पुस्तकाचं पान दुमडलं नाही, अन् तुम्ही ब्लेड लावायलात?” एवढंच म्हणून त्या आत गेल्या.

मुलगा मला म्हणाला, “काका, भावनेचं बाजूला ठेवा. सही खरी, पुस्तक खरं. फसवणूक कुठं आहे?”

प्रश्न रास्त होता आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवं होतं. फसवणूक आहे, कारण विकत घेणारा असं समजणार की कवीने ही प्रत हातात धरून तिच्यावर लिहिलं. तसं घडलेलं नाही. सही म्हणजे एका क्षणाची साक्ष. ती दुसऱ्या पुस्तकात नेऊन लावली की खोटी साक्ष होते, शाई कितीही अस्सल असो. आणि व्यवहाराचंच बोलायचं तर ती पकडलीही जाते. पुस्तक फर्म्यांनी, म्हणजे मोठ्या कागदाच्या घड्यांनी शिवलेलं असतं. सोळा पानी फर्म्यात आठ पत्रं (पुढची-मागची दोन पानं मिळून एक पत्र), आणि प्रत्येक पत्राचा जोडीदार शिवणीच्या पलीकडे असतो. एक पत्र कापलं की त्याचा जोडीदार सुटा होतो. नवं बसवायचं तर शिवणीजवळ डिंकाची पट्टी येतेच. दोन आवृत्त्यांचा कागद वेगळा, कापणीची उंची एखाद्या मिलिमीटरने वेगळी. कसरीने पाडलेलं भोक एकामागच्या एक पानांतून जातं आणि घुसडलेल्या पानापाशी मध्येच थांबतं.

सर्वांत पक्का पुरावा मी त्याला तिथेच दाखवला. खिडकी एकच उघडी ठेवली आणि सहीच्या मागचं पान तिरप्या उजेडात धरलं. कवीने बॉलपेनने दाबून लिहिलं होतं. त्या चार ओळी आणि सही पुढच्या पानावर शाईविना उमटलेल्या होत्या, उकार-वेलांट्यांसकट. पान कापून नेलं तरी हा ठसा पुनर्मुद्रणातच राहणार आणि पहिल्या आवृत्तीत तो कधीच येणार नाही. मुलगा बराच वेळ ते पान उजेडात फिरवत राहिला. मग म्हणाला, “ठीक आहे. पान नाही काढायचं.”

पेन्सिलीच्या नावाचंही तेच. व्यापारी त्याला खराबी म्हणत होता. साठच्या दशकात मराठवाड्यातल्या छोट्या गावातली एक मुलगी, महाराष्ट्र राज्य होऊन पुरतं दशकही झालेलं नाही, नवकवितेचा संग्रह स्वतःच्या पैशाने विकत घेते आणि त्यावर स्वतःचं नाव घालते, ही नोंद मला मौल्यवान वाटते. कविता कोण वाचत होतं, कुठे वाचत होतं, हे आवृत्तीच्या आकड्यांवरून कळत नाही. अशा नावांवरून कळतं. खोडलं असतं तरी दाबाची खूण राहिलीच असती, वर कागदाचे धागे उसवून तिथे चकाकी आली असती. नाव गेलं असतं आणि खोडल्याचा डाग राहिला असता.

पिशवीतले कागद

प्रकरण इथे मिटलं असतं. पण घर आवरताना मुलांनी पुस्तकं झटकून त्यांच्यातले सुटे कागद एका कापडी पिशवीत भरले होते. एसटीची तिकिटं, निमंत्रणपत्रिका, दैनिक ‘मराठवाडा’तली कात्रणं, पोस्टकार्डं. हेतू चांगला होता : काही हरवू नये. पण कुठला कागद कुठल्या पुस्तकातला हे समजायचा मार्ग त्याच क्षणी बंद झाला, असं सगळ्यांना वाटलं.

तो पूर्ण बंद होत नाही. वर्तमानपत्राचा कागद आम्लयुक्त असतो. वर्षानुवर्षं पुस्तकात राहिला की शेजारच्या पानांवर स्वतःच्याच आकाराचा तपकिरी डाग उठवतो. कात्रणं हाताने फाडलेली किंवा वाकडी कापलेली असल्यामुळे प्रत्येकाची बाह्यरेषा वेगळी. मुलीने प्रत्येक कात्रणाची रेषा पारदर्शक कागदावर उतरवून घेतली आणि आम्ही ती डागांवर ठेवून पाहत गेलो. एक बसायचं, दोन बसायची नाहीत. काम वेळखाऊ आहे, पण बहुतेक कात्रणं आपापल्या पानांना लागली. आता ती पुस्तकात परत ठेवायची नाहीत, नाहीतर डाग वाढतच जाईल. पाकिटावर पुस्तकाचं नाव आणि पानाचा क्रमांक लिहून वेगळी ठेवायची.

पोस्टकार्डाने मात्र डाग पाडला नव्हता. सरांच्या नावाचं, त्याच कवीच्या अक्षरातलं एक कार्ड पिशवीत निघालं, डाव्या कोपऱ्यात गंजलेल्या टाचणीची दोन भोकं. सहीच्या प्रतीत मधल्या एका पानाच्या समासात तशीच दोन भोकं होती, तितक्याच अंतरावर, तसाच गंजाचा तांबूस ठिपका. कार्ड त्या पानाला टाचलेलं होतं.

मजकूर वाचला तेव्हा सगळ्या वादाचा रोखच बदलला. कवीने कळवलं होतं की पुनर्मुद्रणात त्या पानावरच्या कवितेत एक शब्द चुकीचा छापला गेला आहे, आणि मूळ शब्द कोणता हे दिलं होतं. सरांनी पेन्सिलीने तो शब्द दुरुस्त केलेला होता. बाईंच्या पहिल्या आवृत्तीत पाहिलं, तर तिथे मूळ शब्द बरोबर छापलेला. म्हणजे ज्या पुनर्मुद्रणाला व्यापारी रद्दी समजत होता तीच प्रत कवी, वाचक आणि छपाईतली चूक यांचा एकत्र पुरावा होती. तिचं पहिलं पान काढून बाकीचं फेकलं असतं, तर पोस्टकार्ड कशाबद्दल आहे हेही कुणाला कळलं नसतं. दोन प्रती एकमेकींशेजारी ठेवल्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही.

मी पत्रातला शब्द इथे देत नाही आणि कवीचं नावही देत नाही. पत्राचा कागद ज्याला आलं त्याचा, म्हणून तो कुटुंबाचा. मजकुराचा हक्क मात्र लिहिणाऱ्याचा आणि त्याच्यानंतर वारसांचा. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत छापलेल्या मजकुरावर तो मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो; हयातीत न छापलेल्या पत्रासारख्या मजकुराची ६० वर्षं तर पहिल्या प्रकाशनापासून मोजतात. संग्राहक हे सर्रास विसरतात आणि लेखकांची पत्रं फोटो काढून समूहांवर टाकतात. कुटुंबाने वारसांना लिहून विचारलं. अभ्यासकांना पत्र दाखवायला त्यांची हरकत नाही, छापायला आहे. तो त्यांचा अधिकार.

शिक्क्याची प्रत

गठ्ठ्यात आणखी एक सहीची कादंबरी होती, तिच्यावर केज तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयाचा शिक्का आणि दाखल क्रमांक. लेखकाने ती त्या वाचनालयालाच भेट दिलेली, तसं लिहिलेलं. निर्लेखनाचा, म्हणजे पुस्तक नोंदीतून बाद केल्याचा शिक्का कुठेही नव्हता.

मराठी पहिल्या आवृत्तीच्या प्रती साधारण हजाराच्या घरात निघत, कवितेच्या त्याहून कमी, आणि त्यांतला मोठा हिस्सा ग्रंथालयांत जाई. त्यामुळे आज बाजारात फिरणाऱ्या पहिल्या आवृत्त्यांवर शिक्के असणं नेहमीचंच. रीतसर बाद केलेली प्रत घ्यायला हरकत नाही. शिक्का आहे पण बाद केल्याची खूण नाही, अशी प्रत मी घेत नाही. व्यापारी म्हणाला, शिक्क्याचं पान काढू. याच वृत्तीमुळे मराठवाड्यातली किती वाचनालयं रिकामी झाली असतील, या विचाराने मला त्रास होतो. निजामाच्या राज्यात शिक्षणाची भाषा उर्दू असताना या भागातल्या मराठी वाचनालयांनी भाषा जिवंत ठेवली. त्यांची भेट आलेली पुस्तकं ब्लेडने कापून विकायची हे मला सहन होत नाही.

मुलगी ती प्रत घेऊन त्या गावी गेली. जुन्या दाखल रजिस्टरचा तो भाग वाळवीने खाल्लेला होता, त्यामुळे प्रत सरांकडे कशी आली ते कळलंच नाही. वाचनालयाने प्रत ठेवून घेतली आणि पोच दिली.

शेवटी काय ठरलं

प्रकाशन समारंभात रांगेत उभं राहून घेतलेल्या, नुसती सही असलेल्या प्रती मुलाने त्याच व्यापाऱ्याला विकल्या. त्या विकण्यात मला काही गैर वाटलं नाही. प्रत्येकीचा टायटल पान, मागचं पान आणि सही असा पूर्ण फोटो काढून घेतला आणि पावतीवर आवृत्ती लिहून घेतली. पुनर्मुद्रण असेल तिथे ‘पुनर्मुद्रण’.

सरांच्या टिपणांची, पत्रं-कात्रणं असलेली पुस्तकं द्यायला आधी एका संस्थेशी बोलणं झालं. त्यांच्याकडे नियम असा की प्रत्येक पुस्तकाच्या टायटल पानावर आणि गुप्त पानावर, म्हणजे ग्रंथालयाने ओळखीसाठी ठरवलेल्या आतल्या पानावर, शिक्का मारायचा, मग मुखपृष्ठ काढून, कडा कापून रेक्झिनची बांधणी करायची. समासातली टिपणं त्या कापणीत गेली असती. तिथे दिलं नाही. अंबाजोगाईतल्याच एका महाविद्यालयाने अटी लेखी मान्य केल्या : शिक्का फक्त शेवटच्या पानामागे, क्रमांक पेन्सिलीने, पुनर्बांधणी नाही, सेलोटेप नाही, संग्रह एका कपाटात एकत्र. ज्या गावाने संतकवी दासोपंतांची कापडावर लिहिलेली पासोडी शतकानुशतकं सांभाळली, त्या गावात हा संग्रह राहिला याचा मला मनापासून आनंद आहे.

सहीचं पुनर्मुद्रण आणि पोस्टकार्ड महाविद्यालयात आहेत. पहिली आवृत्ती बाईंनी स्वतःजवळ ठेवली. ती त्यांची आहे. कवी संमेलनाच्या वेळी घरी आले होते ते त्यांना आठवत होतं, ते मुलीने लिहून घेतलं, बाईंनी खाली तारीख घालून सही केली, आणि तो कागद पुनर्मुद्रणाच्या नोंदीला जोडला. दुसरी प्रत कुणाकडे आहे हेही त्याच नोंदीत आहे.

तो चुकीचा शब्द मात्र आज दुकानात मिळणाऱ्या प्रतीतही तसाच आहे. तो सुधारायला पत्र छापण्याची गरज नाही, पहिल्या आवृत्तीचं पान पुरेसं आहे. बाईंच्या प्रतीतल्या त्या पानाचा फोटो मुलीने प्रकाशकांना पाठवला आहे, आणि पुढच्या छपाईच्या वेळी पाठ ताडून पाहू असं त्यांनी कळवलं आहे.